सोळा दिवस झाले, गुण नाही. गोळी बंद करू का?

पत्र: ‘मॅडम, मी इचलकरंजीची, वय ३१. एका सूतगिरणीच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. गेले पाच महिने कशातच मन लागत नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची, डोळ्यांतलं पाणी खळायचं नाही. शेवटी मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एस्सिटॅलोप्रॅम नावाची गोळी सुरू केली. आज १६ दिवस झाले. गुण काहीच नाही, उलट मळमळ आणि जिवाची हुरहूर. माझा दीर एम.एस्सी. करतोय. तो म्हणतो, “वहिनी, या गोळीनं सेरोटोनिन पहिल्याच दिवशी वाढतं, मग बरं वाटायचं तर पहिल्याच दिवशी वाटायला हवं.” सासूबाई म्हणतात, सवय लागेल. मला आतून वाटतं की हे आमच्या रक्तातच आहे. आजीला होतं, आईला आहे. सटवाईनं लिहिलं ते लिहिलं, गोळी काय खोडणार? माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. रात्री ती झोपली की तिच्याकडे बघत बसते आणि वाटतं, हिच्याही कपाळी हेच. गोळी बंद करू का?’

उत्तर:

ताई, गोळी बंद करू नका. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतला, कारण हे वाचताना कदाचित गोळ्यांची पट्टी तुमच्या समोरच असेल. मळमळ आणि हुरहूर पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळांना होते आणि बहुतेकांची ओसरते. तरी ती अंगावर काढू नका, आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. कधी डोस कमी करतात, कधी वेळ बदलतात, कधी थोडे दिवस जोडीला दुसरं औषध देतात. आणि हुरहूर इतकी वाढली की एका जागी बसवेना, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनाला शिवून गेला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. नवऱ्याला उठवा, डॉक्टरांना गाठा. ते नाहीत तर १४४१६ लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या दिराचा प्रश्न. तो अगदी बरोबर आहे, आणि मानसोपचाराच्या क्षेत्रात मोठमोठ्यांनी तो विचारलेला आहे. मी त्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सटवाईच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दडलेलं आहे.

सेरोटोनिन हा नुसता निरोप असतो. एका चेतापेशीनं तो सोडायचा आणि दुसरीनं ऐकायचा. ऐकण्यासाठी पेशीच्या अंगावर कान असावे लागतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठी पुस्तकांत ग्राही. एकट्या सेरोटोनिनसाठी निदान १४ प्रकारचे रिसेप्टर माहीत आहेत. कुणी ऐकून पेशीला चेव आणतो, कुणी शांत करतो. निरोप तोच असला तरी कान बदलला की अर्थ बदलतो. त्यामुळे ‘सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं, गोळीनं ते भरून काढलं’ हे जे सगळीकडे सांगितलं जातं, ते फार सोपं करून सांगितलेलं आहे. तुमच्या दिरानं नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

हा कान म्हणजे एक प्रथिन. प्रथिन जुनं होतं, पेशी ते आत ओढून घेते, मोडते आणि नवं बनवते. बनवायची कृती जनुकात लिहिलेली असते. जनुकांची ही पोथी शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच आणि पूर्ण आहे; यकृताच्या पेशीतही सेरोटोनिनच्या सगळ्या रिसेप्टरांची जनुकं आहेत. फरक पडतो तो पारायणात. कुठली पेशी कुठला अध्याय किती वेळा वाचते, यावर तिच्या अंगावर आज कोणते कान आणि किती, हे ठरतं. हे वाचन जन्माच्या वेळी एकदा होऊन संपत नाही. पेशी जिवंत आहे तोवर ते चालू राहतं, आणि चेतापेशींच्या बाबतीत तर ते आदल्या काही दिवसांत पेशीनं काय ऐकलं, यावरही अवलंबून असतं.

हे नुसतं बोलायला सोपं आहे. दाखवलं कसं, ते ऐका.

मेंदूतल्या जिवंत पेशीत डोकावणं कठीण, म्हणून ही गोष्ट आधी उलगडली ती स्नायूत. मज्जातंतूचं टोक स्नायूला जिथे टेकतं तिथे ते ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतं, स्नायूवरचे रिसेप्टर ते पकडतात आणि स्नायू आखडतो. निरोगी स्नायूत हे रिसेप्टर त्या टेकलेल्या जागी खच्चून भरलेले असतात, एका चौरस मायक्रोमीटरमध्ये सुमारे १०,०००. जरा बाजूला सरकलं की बोटांवर मोजण्याइतके. आता गंमत बघा. स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी असते आणि तिच्यात शेकडो केंद्रकं असतात. प्रत्येक केंद्रकात पोथी तीच. पण रिसेप्टरचा अध्याय वाचतात ती फक्त मज्जातंतूच्या टोकाखालची मूठभर केंद्रकं. बाकी सगळी त्या अध्यायापुरती गप्प. एका पेशीच्या आत, हातभर अंतरावरही नाही, एका केंद्रकात जनुक जागं आणि शेजारच्यात निजलेलं. मला वैद्यकीय शिक्षणात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

मज्जातंतू कापला तर? काही दिवसांत ती गप्प केंद्रकं तो अध्याय वाचू लागतात आणि तंतूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिसेप्टर उगवतात. गर्भात असताना जो प्रकार बनत होता तो जुना प्रकारही परत येतो. मज्जातंतू शाबूत असताना टेकलेल्या जागेवरच्या रिसेप्टरचं अर्धं आयुष्य, म्हणजे त्यातले निम्मे मोडले जायला लागणारा काळ, दहाएक दिवसांचं असतं. या नव्यानं पसरलेल्यांचं जेमतेम एका दिवसाचं. भूलतज्ज्ञांना हे पाठ असतं. लकवा झालेल्या, मोठ्या प्रमाणात भाजलेल्या किंवा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ते सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध देत नाहीत, कारण अंगभर पसरलेले रिसेप्टर एकदम उघडले तर स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात लोटतं आणि हृदय बंद पडू शकतं.

पण त्या केंद्रकांना गप्प कोण ठेवत होतं? मज्जातंतूतून झिरपणारं एखादं रसायन, की त्याच्या हुकमानं स्नायूची होणारी हालचाल? १९७२ साली तेरिये लोमो आणि जीन रोझेन्थाल यांनी हे तपासलं. त्यांनी उंदरांच्या मज्जातंतूभोवती भुलीच्या औषधाची पट्टी बसवली. मज्जातंतू जागेवर, अखंड, फक्त त्यातून संदेश जाणं बंद. तरीही स्नायूभर रिसेप्टर पसरले. मग दुसरीकडे मज्जातंतू तुटलेला असताना त्यांनी स्नायूलाच थेट विजेचे हलके झटके देत ठेवले, दिवसेंदिवस. तेव्हा मज्जातंतूविनाही स्नायू पहिल्यासारखा वागू लागला, रिसेप्टरचा पसारा आवरला गेला. म्हणजे ती केंद्रकं ऐकत होती ती हालचाल. स्नायू आखडला की आत कॅल्शियम वाढतं, तो इशारा केंद्रकापर्यंत पोचतो, आणि जनुकापुढे बसून वाचन सुरू करून देणाऱ्या मायोजेनिनसारख्या प्रथिनांना लगाम बसतो. टोकाखालच्या मूठभर केंद्रकांना मात्र मज्जातंतूकडून वेगळे इशारे मिळतात, म्हणून ती वाचत राहतात.

ताई, मी तुम्हाला स्नायूची गोष्ट एवढी का सांगितली? कारण जनुक जागेवर होतं, त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं, आणि तरी सगळं बदललं. आणि जे बदललं ते परत जागेवर आणताही आलं.

आता मेंदूकडे. तिथल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी काही लाखच, मेंदूच्या देठात मध्यरेषेला वसलेल्या. तिथून त्या सगळ्या मेंदूभर धागे पाठवतात. या पेशींच्या अंगावर सेरोटोनिनचाच एक रिसेप्टर असतो, त्याचं नाव ‘१ए’. म्हणजे ही पेशी आपलाच आवाज ऐकते. माईकवर बोलणाऱ्याला आपला आवाज मोठा ऐकू आला की तो आपोआप हळू बोलतो ना, तसं. आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं की १ए रिसेप्टर पेशीला सांगतो, पुरे, आवर.

तुमची गोळी काय करते? सोडलेलं सेरोटोनिन पेशी परत आत ओढून घेते, तो रस्ता ती अडवते. हे काही तासांतच होतं. इथपर्यंत तुमच्या दिराचं बरोबर. पण सेरोटोनिन वाढल्यामुळे १ए जोरात ब्रेक दाबतो आणि पेशी मंदावते. १९८३ साली मॉन्ट्रियलमध्ये पिएर ब्लिए आणि क्लोद द मोंतिन्यी यांनी उंदरांना याच कुळातलं एक औषध देऊन या पेशींचे विजेचे ठोके मोजले. दोन दिवसांनी ते स्पष्ट मंदावलेले होते. औषध चालूच ठेवलं, तेव्हा १४ दिवसांनी ते पूर्ववत झाले. मधल्या काळात ब्रेक सैल पडला होता. पेशीनं सततचा गलका ऐकून त्या कानाकडे लक्ष देणं कमी केलं होतं. एकदा तसं झालं की गोळीचं काम आणि पेशीचे ठोके एकमेकांच्या विरुद्ध राहत नाहीत, आणि दूरच्या टोकांपर्यंत सेरोटोनिन खरोखर वाढतं.

माणसाला उंदरापेक्षा वेळ जास्त लागतो. बहुतेकांना फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे जातात, त्यातही झोप आणि भूक आधी सुधारते, मन नंतर. तुम्ही सोळाव्या दिवशी लिहिलंत. त्या वेळी तुमचा देह स्वस्थ बसलेला नव्हता.

ब्रेक सैल पडतो तो थरांथरांनी. काही रिसेप्टर आतल्या यंत्रणेपासून सुटे होतात, काही ठिकाणी ते पृष्ठभागावरून आत ओढले जातात. आणि सगळ्यांत खोलवर जनुकाच्या वाचनाचा थर असतो. तिथे काय चालतं हे कॅनडातल्या ओटावा शहरात पॉल अल्बर्ट यांच्या प्रयोगशाळेनं बारकाईनं शोधलं. १ए रिसेप्टरच्या जनुकापुढे वाचन रोखणारी काही प्रथिनं बसलेली असतात. त्यांपैकी एकाला त्यांनी २००३ मध्ये नाव दिलं फ्रॉइड-१, लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून. पेशीत कॅल्शियम वाढलं की हे प्रथिन आपली पकड सोडतं आणि जनुकाचं वाचन वाढतं. स्नायूतलं तेच कॅल्शियम इथेही निरोप्या आहे, फक्त इथे त्याचं सांगणं उलट. पेशी किती बडबडली याची नोंद कॅल्शियममधून थेट केंद्रकात जाते आणि ऐकायचे कान किती हवेत ते तिथे ठरतं.

त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेनं आणखी एक गोष्ट मांडली, आणि ती तुमच्या ‘रक्तात आहे’च्या अगदी जवळची आहे. या जनुकाच्या सुरुवातीच्या सुमारे हजार अक्षरं आधी एक जागा आहे. काही माणसांत तिथे सी हे अक्षर असतं, काहींत जी. तिथे डीफ-१ नावाचं प्रथिन बसून सेरोटोनिन पेशींत वाचन रोखतं. जी असेल तर ते नीट बसू शकत नाही, मग ब्रेक जास्त बनतात. नैराश्याच्या रुग्णांत जी जास्त आढळला, असं त्यांनी दाखवलं. हेच डीफ-१ सेरोटोनिन ऐकणाऱ्या दूरच्या पेशींत मात्र उलट वागतं, तिथे ते वाचन वाढवतं. नंतर इतरांनी लोकांना तपासलं तेव्हा चित्र इतकं सरळ निघालं नाही. म्हणून हे एक अक्षर तपासून कुणाला नैराश्य येणार हे सांगता येत नाही, आणि कुणी तशी चाचणी विकायला आलं तर पैसे देऊ नका.

वारसा नाही असं मी म्हणत नाही. तो आहे, आणि तुम्हाला खोटा दिलासा देणं बरं नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांत नैराश्याच्या बाबतीत जो फरक असतो, त्यातला सुमारे ३७ टक्के वारशाशी जोडता येतो. आई किंवा वडिलांना नैराश्य असेल तर मुलांना होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते. हा वारसा एका जनुकातून येत नाही. जनुकांतल्या शंभराहून अधिक जागा आतापर्यंत सापडल्या आहेत, प्रत्येकीचा वाटा अगदी कणभर. आणि दुप्पट-तिप्पट म्हणजे नक्की, असा अर्थ कुठेच होत नाही. नैराश्य असलेल्या आयांच्या पुष्कळशा मुलांना ते कधीच होत नाही.

पाचवीच्या पूजेला बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई रात्री येऊन लिहील म्हणून. तुमच्या घरीही लेकीच्या वेळी ठेवला असेल. तुम्ही म्हणता ती एकदा लिहून निघून गेली. मी ज्या पेशींबद्दल सांगतेय, त्यांच्यात पोथीची अक्षरं जुनीच राहतात हे खरं, पण कुठला अध्याय वाचायचा ही खूण दर आठवड्याला हलते. औषधानं हलते, अनुभवानंही हलते. अंधारात वाढवलेल्या उंदरांना उजेडात आणलं तर एक-दोन तासांत त्यांच्या मेंदूच्या दृष्टीच्या भागात ग्लुटामेट या आणखी एका निरोप्या रसायनाच्या रिसेप्टरांचा प्रकार बदलू लागतो. १९९९ मध्ये हे दाखवलं गेलं. तासांत, ताई.

लहानपणीच्या अनुभवाचं आणखी खोल. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा सेरोटोनिनचाच अभ्यास करते. उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून वेगळं ठेवलं, तर ती मोठी झाल्यावरही त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिनच्या ‘२’ गटातले रिसेप्टर जास्त तीव्रतेनं काम करतात, असं त्यांच्या गटाला दिसलं. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. मी तुमच्या जागी असते तर माझ्याही आला असता. पण हे लक्षात घ्या: तुम्ही लेकीपासून तुटलेल्या नाही आहात. आजारी असूनही रात्री तिच्याकडे बघत बसता आहात. आणि उपचार घेता आहात, हे तिच्यासाठी काय करतं त्याचाही पुरावा आहे.

न्यूयॉर्कच्या मायर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १५१ माय-लेकरांच्या जोड्या पाहिल्या. आयांना नैराश्य होतं, मुलं ७ ते १७ वर्षांची होती. आयांना तुमच्यासारखंच औषध सुरू केलं, मुलांना या अभ्यासात काहीच दिलं नाही. तीन महिन्यांनी ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधलं मानसिक आजाराचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या मुलांत ते सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं. औषध घेतलं आईनं, फरक पडला मुलांत. तुमची मुलगी या मुलांपेक्षा लहान आहे, पण मला हा अभ्यास माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला कुणा ना कुणा आईला सांगावासा वाटतो. तुमची गोळी ही तिच्यावर होणारा खर्चही आहे, असं घरात सांगा.

सासूबाईंच्या काळजीबद्दल. सवय लागणं म्हणजे गोळीची तल्लफ येणं, रोज जास्त लागणं. या गोळीनं तसं होत नाही. पण पेशींनी गोळीच्या अंदाजानं आपले कान जुळवून घेतलेले असतात, त्यामुळे काही महिन्यांनी ती एकाएकी सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके असे त्रास होतात. पेशींना परत जुळवायलाही वेळ लागतो म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. सासूबाईंना हे नीट समजावून सांगितलं तर पटेल असं मला वाटतं. आपल्याकडे तापाची गोळीसुद्धा बरं वाटलं की लगेच सोडायची रीत आहे, त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी आहे. गुण आल्यावरही साधारण सहा महिने तरी ती चालू ठेवायची असते, कारण लगेच सोडली तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते.

आणि सहा आठवडे पूर्ण होऊन, डोस नीट असून गुण आला नाही, तर हे औषध तुमच्यासाठी नव्हतं एवढंच. दुसरी आहेत, बोलून करायचे उपचारही आहेत, आणि ते दोन्ही एकत्र चालतात. पहिल्या गोळीनं सगळ्यांना गुण येत नाही. तुम्ही त्यात असलात तरी तुमच्यात काही जास्त बिघडलंय असं समजू नका.

हिशेबाचं काम करता, म्हणून एक सुचवते. एका वहीत रोज चार आकडे लिहा: किती वाजता जाग आली, किती वेळा जेवलात, हुरहूर दहापैकी किती, आणि दिवसात एकदा तरी कशात मन लागलं का. ‘काही फरक नाही’ हे पहाटे तीनला खरंच वाटतं, आणि वहीत कधी कधी वेगळं निघतं. जाग तीनऐवजी साडेचारला आली, हा फरक असतो. पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेव्हा विचारा, कारण त्यांच्यातल्या बिघाडानंही असंच वाटू शकतं. नवऱ्याला बाहेर बाकड्यावर बसवू नका, आत न्या. दिरालाही हे उत्तर वाचायला द्या, आणि त्याला सांगा, त्याचा प्रश्न चांगला होता. वही भरायला आजपासूनच लागा आणि दोन आठवड्यांनी मला कळवा, जाग किती वाजता येते ते.